मलिद्याचे पोहे

मलिदा हा शब्द मी माहेराहून घेऊन आले होते. माझं माहेर आटपाडीचं. माणदेशात पिराचा उरूस भरला की चपात्या कुस्करून त्यात गूळ-तूप घालून मलिदा करतात आणि सगळी आळी तो खाते, मग घरात देव कुठलाही असो. त्यामुळे १९९४ साली लग्न होऊन अलिबागला आल्यावर शेजारच्या आजींनी जेव्हा कुंपणावरून हाक मारली, "बाय, बुधवारी आमच्याकडं मलिदा आहे, सकाळी हाताखाली ये," तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते बुधवारी. ताटात चपात्या नव्हत्याच, पोहे होते. आणि जे म्हटलं जात होतं त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता.

आजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. अलिबागमध्ये इस्रायल आळी आहे, तिथं 'मागेन आबोथ' हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८४८ साली बांधलेलं आणि १९१० साली पुन्हा नव्यानं उभारलेलं. नावाचा अर्थ 'पूर्वजांची ढाल'. हे सगळं मला पुढे हळूहळू कळलं. त्या वेळी मला एवढंच माहीत होतं की आजी नऊवारी नेसतात, आमच्यासारखंच मराठी बोलतात आणि उंबरा ओलांडताना दाराच्या चौकटीवरच्या एका लहानशा नळीला बोटं लावून ती ओठांना टेकवतात.

पण मलिद्याच्या आधी एक गोष्ट घडली होती, ती सांगायला हवी. माझा तो पहिलाच पावसाळा. सासूबाई रेवदंड्याला नणंदेकडे गेल्या होत्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं चिंबोऱ्यांचं कालवण केलं. आम्हा दुष्काळी भागातल्या माणसांना चिंबोरी हातात धरणंसुद्धा माहीत नसतं. त्यामुळे ते जमल्याचा आनंद फार मोठा होता. वाडगं भरून मी शेजारी घेऊन गेले. आजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं, पडवीतच कट्ट्यावर ठेवलं, माझं डोकं पुसायला पंचा दिला आणि म्हणाल्या, "किती भिजलीस गो. बस, चहा घे." दोन दिवसांनी वाडगं परत आलं, घासून लख्ख आणि वर मूठभर साखर घालून. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही रीत.

सासूबाई आल्यावर मी कौतुकानं सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. "अगं, त्या चिंबोरी शिवत नाहीत. कोळंबीसुद्धा नाही. ज्या मासळीला खवलं आणि पर दोन्ही आहेत तीच त्यांना चालते." मी रडकुंडीला आले. माफी मागायला गेले तर आजींनी मला थांबवलं आणि विचारलं, "उद्या बाजारात येतेस?"

दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात त्यांनी मला शिकवलं. पापलेट हातात घेऊन नखानं उलट्या दिशेनं खरवडलं, बारीक चंदेरी खवलं नखावर आलं, ते माझ्या तळहातावर ठेवलं. मग सुरमई, मग बांगडा. कोळणी आजींना ओळखत होत्या, त्यांच्यासाठी टोपलीतली कोळंबी बाजूला सारून मासळी दाखवत होत्या. म्हणजे त्या कोळणींना जे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, ते बी.ए. झालेल्या मला माहीत नव्हतं. त्या कोळणींकडे बघून मला पहिल्यांदा कळलं की शेजारधर्म हेसुद्धा एक ज्ञान असतं, आणि ते टोपलीत मासळी कशी लावली आहे त्यात दिसतं.

त्याच दिवशी परतताना आजींनी दाऊद राहाबीची गोष्ट सांगितली. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं नवगावला पुरली, ती जागा अलिबागच्या उत्तरेला अजून आहे. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, भाषा गेली, प्रार्थनाही गेल्या. राहिलं ते इतकंच: शनिवारी काम न करणं, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा इस्राएल', म्हणजे 'ऐक, इस्राएला', हे प्रार्थनेतलं एक वाक्य. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तेच वाक्य म्हणायचे. मग कैक पिढ्यांनी दाऊद राहाबी नावाचा ज्यू इथं आला. हे लोक खरंच आपले का, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं बायकांना निरनिराळी मासळी एकत्र रांधायला दिली. बायकांनी खवलं आणि पर नसलेली मासळी वेगळी काढून ठेवली. ती बाजूला काढलेली मासळी बघून त्याची खात्री पटली. मग त्यानं त्यांना पुन्हा धर्म शिकवला.

राहाबी नेमका कधी आला, यावर अभ्यासकांची मतं जुळत नाहीत. मला त्या गोष्टीत कालनिर्णयापेक्षा दुसरं काही दिसतं. ग्रंथ बुडाले तरी बायकांच्या हातात उरलं. माझ्या वाडग्यातलं कालवण आजींनी घरात का नेलं नाही, हे मला त्या दिवशी पोटातून कळलं. आणि त्यांनी मला एका शब्दानं का दुखवलं नाही, हेही.

आता मलिदा, म्हणजे देवाचे आभार मानायचा त्यांचा विधी. जाडे पोहे दोनदा धुवायचे आणि चाळणीत निथळत ठेवायचे. भिजत घालून ठेवायचे नाहीत. दाणा बोटात दाबल्यावर मधे किंचित टणकपणा लागला पाहिजे, कारण पुढे ओल्या खोबऱ्याचा आणि साखरेचा ओलावा तो पितो. मग वेलची, जायफळ, बदाम, पिस्ते, बेदाणे. एका मोठ्या ताटात पोह्यांचा ढीग, भोवती फळांच्या फोडी, खजूर, गुलाबाच्या पाकळ्या आणि सब्जाची हिरवी डहाळी. किमान पाच फळं. फोडी अशा बेतानं करायच्या की बसलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक फळाची एक तरी यावी.

मी फोडी लावत होते. सफरचंद, चिकू, संत्रं आणि त्यांच्याशेजारी केळं. आजी पलीकडून म्हणाल्या, "बाय, केळं तिथं नको. ते इकडं काकडीबरोबर."

मी म्हटलं, "आजी, केळं तर फळच ना?"

"फळच. पण झाडाचं नव्हे, जमिनीचं."

झाडावरच्या फळांसाठी एक आशीर्वचन, जमिनीतून येणाऱ्यांसाठी दुसरं, सुगंधासाठी आणखी वेगळं. आणि केळ झाडांत मोजत नाहीत, कारण झाड तेच, ज्याचं खोड टिकतं आणि पुढच्या साली त्याच खोडाला पुन्हा फळ धरतं. केळ एकदाच विते. घड उतरला की आपण ती तोडतो, मग बुडातून नवा पिलवा येतो. कोकणातल्या वाडीत कुणालाही हे माहीत आहे. वनस्पतिशास्त्रही केळीला झाड म्हणत नाही. पण मी बाजारात केळं फळवाल्याकडे बघत होते, त्यामुळे मला ते कधी सुचलंच नव्हतं. हजारो मैल लांब, दुसऱ्या भाषेत, कुणी तरी केळीकडे इतकं बारकाईनं पाहून ठरवलं होतं की हिचे आभार वेगळ्या शब्दांत मानायचे. त्या दिवसापासून मी केळं सोलताना थांबते. क्षणभरच, पण थांबते.

मी शाळेत मराठी शिकवते. मुलांना कधी तरी 'इतर संस्कृतींची ओळख' असा प्रकल्प करायचा असतो. तक्त्यावर पोशाखाचं चित्र, खाद्यपदार्थांची नावं, सणांची यादी, खाली रंगीत किनार. मी त्यांना तसं करू देत नाही. मी सांगते, एक घर शोधा आणि तिथं काहीतरी काम मागा. फुलं निवडा, ताटं पुसा, पाट मांडा. पाहुण्याला माणसं चांगलं ते दाखवतात. हाताखालच्या माणसाला खरं ते सांगतात, कारण काम बिघडलेलं चालत नाही. आणि 'का' विचारायच्या आधी 'कसं' विचारा. 'तुम्ही शनिवारी काम का करत नाही?' असं विचारलं की समोरच्या माणसाला आपल्या अख्ख्या धर्माची बाजू मांडावी लागते. 'शुक्रवारी स्वयंपाक किती वाजता उरकता?' असं विचारलं की उत्तर येतं, आणि त्या उत्तराबरोबर 'का'सुद्धा आपोआप येतो.

आजींच्या घरात असं 'कसं कसं' विचारतच मी शिकले. मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध का, तर मांसाबरोबर जनावराचं दूध-दही चालत नाही. कोकणात नारळाला काय तोटा! त्यांचा नियम आणि इथली जमीन यांचं असं छान जमलं. शुक्रवारी संध्याकाळी आशीर्वाद द्यायला द्राक्षाचा रस हवा, तर रात्रभर भिजवलेले काळे बेदाणे कुस्करून, गाळून त्याचं सरबत. चाळणीत उरलेला चोथा मी टाकायला निघाले, तर आजींनी तो पुन्हा पाण्यात घालून हातानं कुस्करला. "अजून आहे त्यात." नवीन वर्षाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात चीकाचा हलवा, तो ढवळताना खांदा भरून येतो आणि मधे थांबता येत नाही. दोघी-तिघी आळीपाळीनं ढवळायच्या. त्या ढवळण्यात जेवढ्या गोष्टी मी ऐकल्या तेवढ्या कुठं वाचल्या नाहीत.

सणांची नावं तर मी वहीत लिहून ठेवली आहेत. हिब्रू नावं आता सगळे वापरतात, पण आजींच्या आजीच्या तोंडी जुनी नावं होती. नव्याचा सण. खिरीचा सण. दारफळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस: त्या दिवशी दारं लावून कडक उपास. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. आणि बिरड्याचा सण, जो खरं तर शोकाचा दिवस, जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या आठवणीचा, आणि त्या दिवशी केळीच्या पानावर बिरडं. वालाचं बिरडं! सोललेल्या वालांशी जेरुसलेमचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. मला त्यात फार मोठी गोष्ट दिसते. दूरच्या, कधी न पाहिलेल्या गावाचं दुःख या माणसांनी इथल्या मातीत उगवलेल्या दाण्यावर जपलं. आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या दिवसाला ते उरूस म्हणत. माझा आटपाडीचा उरूस, माझा आटपाडीचा मलिदा, दोन्ही शब्द इथं माझ्या आधी येऊन बसले होते.

हा उरूस पौर्णिमेला येतो, जानेवारी-फेब्रुवारीत. मी एकदा आजींना विचारलं, "चंद्रावर चालणारं पंचांग, मग सण ऋतू सोडून पळत कसे नाहीत?" त्यांनी मला आतून त्यांची दिनदर्शिका आणून दिली. एकोणीस वर्षांत सात वेळा एक महिना जास्तीचा. मी आमचं पंचांग काढून शेजारी ठेवलं. आमचा अधिक मासही साधारण त्याच हिशेबानं येतो. चंद्र आणि सूर्य यांची सांगड घालायची तर गणित दुसरं निघणारच नाही. पण दोन्ही कागद एका कट्ट्यावर शेजारी शेजारी बघताना माझ्या अंगावर काटा आला होता, हे खरं आहे.

अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहू हन्नाबी तिथं येऊन गेले आणि त्यांच्या रथाच्या चाकांच्या, घोड्यांच्या टापांच्या खुणा खडकावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. मी आजींबरोबर तिथं गेले आहे. नवस बोललेली माणसं मुंबई-ठाण्याहून येतात, आता तर इस्रायलहूनही. मी हात जोडले. कुणी मला सांगितलं नाही आणि कुणी अडवलंही नाही.

आडनावांबद्दल लिहायलाच हवं. किहीमकर, पेणकर, नवगावकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. ही आडनावं वाचत गेलं की रायगड जिल्ह्याचा नकाशा तयार होतो. गावोगावी विखरून राहिलेली, घाण्यावर तेल गाळणारी ही माणसं. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पहिली नावंही इथली होऊन गेली: सॅम्युअलचा सामाजी झाला. १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युअल इझिकिएल दिवेकर हे त्या काळी सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. सिनेगॉगला हे लोक मशीद म्हणत. जुनी मशीद. शब्द उसना घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही आणि शेजाऱ्यालाही त्याचा राग आला नाही.

माझ्या विषयातली गोष्ट म्हणजे त्यांची कीर्तनं. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलांनी मराठीत कीर्तनं रचायला आणि करायला सुरुवात केली. आख्यान योसेफाचं, मोशेचं, आब्राहामाचं, आणि चाली साकी-दिंडीच्या. आजींना त्यातले तुकडे पाठ होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डोळे मिटले होते. दिंडीची चाल कानाला इतकी ओळखीची की मन आपोआप विठ्ठलाची वाट बघतं, आणि तिथं मिसर देश येतो, विहिरीत टाकलेला भाऊ येतो. ज्या वृत्तांना मी फळ्यावर लघु-गुरू मांडून शिकवत होते, त्यांच्यात एवढी जागा आहे हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या घरी जाऊन मला माझीच भाषा मोठी झालेली दिसली.

१८७४ साली पुण्यात छापलेल्या वल्हांडणाच्या, म्हणजे ज्यूंच्या पासोव्हर सणाच्या, पोथीची चित्रं मी पाहिली आहेत. हिब्रू मजकूर, सोबत मराठी. एका चित्रात साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. त्यांची बसण्याची ढब अगदी माझ्या आजीची.

१९४८ नंतर आळीतली बहुतेक घरं रिकामी झाली. लोक इस्रायलला गेले. तिथं त्यांचं सगळं सोपं झालं असं नाही. तुम्ही खरोखर ज्यू आहात का, हा प्रश्न त्यांना लग्नाच्या वेळी विचारला गेला. त्यासाठी त्यांना मोठा लढा द्यावा लागला आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारनं ते सर्वार्थानं ज्यू आहेत असं जाहीर केलं. आजींची धाकटी बहीण तेव्हा तिथंच होती. फोनवर तिचं मराठी ऐकावं. "काय गो, पाऊस कसा आहे?" साठ वर्षांपूर्वी अलिबाग सोडतानाचं मराठी तिनं जसंच्या तसं ठेवलं आहे. आमच्या बोलण्यातून गेलेले शब्द तिच्या बोलण्यात आहेत. ती 'मायबोली' वाचते, ते तिथून निघणारं मराठी नियतकालिक. आजींच्या घरात त्याचे अंक रचून ठेवलेले असत, आणि मी शाळेतून आल्यावर त्यांना त्यातलं वाचून दाखवत असे.

इकडे अडचण वेगळी. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. सणाच्या आदल्या दिवशी आजी मोजत बसायच्या, बोटांवर. पनवेलहून दोन, ठाण्याहून तीन. नऊ झाले की त्या गप्प व्हायच्या. ती मोजदाद मी कितीदा पाहिली आहे. तिथं माझा काही उपयोग नव्हता. मी चहा करायचे.

गेल्या वर्षी आजींच्या बहिणीची नात आली होती, इस्रायलमधल्या लोद शहरातून. पंचविशीची, हुशार मुलगी. मराठी समजतं, बोलताना अडखळते. तिच्यासाठी मलिदा ठेवला. आजींना आता उभं राहवत नाही, त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. मुलगी वही-पेन घेऊन आली आणि तिनं विचारलं, पोहेच का, तांदूळ का नाही, ही पद्धत किती जुनी, कुठून आली.

आजी म्हणाल्या, "वही ठेव. पोहे धू."

तिनं धुतले. चाळणीत निथळत ठेवले. मी तिचा हात धरून एक दाणा तिच्या बोटांत दिला आणि दाबायला सांगितला. तिनं दाबला, मग माझ्याकडे पाहिलं. मीही एक दाणा दाबून बघितला.

"झाले?" आजींनी विचारलं.

"अजून थोडे," ती म्हणाली. मराठीत.

मग तिनं फळांच्या फोडी लावायला घेतल्या. केळं तिनं न सांगता काकडीशेजारी ठेवलं.